एम्डेननं काबिंगा का बुडवली नाही? (आणि साबणाच्या पेट्या)

गोदीकाठचा
शुक्रवार, रात्री १०:४२

मंडळी, मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामानं चेन्नईला गेलो होतो, दोन तास मोकळे मिळाले म्हणून हायकोर्टापर्यंत चालत गेलो आणि भिंतीवरची ती पाटी बघितली, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डेन ह्या जर्मन क्रूझरनं (वेगवान युद्धनौका) मद्रासवर गोळे टाकले त्याची. बर्मा ऑइलच्या टाक्या पेटल्या, शहरात पळापळ झाली, आणि तमिळमध्ये 'एमडन' हा शब्दच झाला, बेरकी आणि धाडसी माणसाला म्हणतात. हे सगळं बऱ्याच जणांना माहीत असेल. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या दहाबारा दिवसांबद्दल, कारण परत आल्यावर वाचायला लागलो आणि एका गोष्टीवर अडकलो.

१० सप्टेंबरपासून एम्डेन बंगालच्या उपसागरात, कलकत्ता ते कोलंबो ह्या वाटेवर जहाजं पकडत होती. कप्तान कार्ल फॉन म्युलर. तीन धुराडी असलेल्या जहाजाला कॅनव्हासचं चौथं खोटं धुराडं लावलेलं, म्हणजे लांबून ब्रिटिश क्रूझर यारमाउथ वाटावी. सगळ्यात पहिल्यांदा सापडली पोंटोपोरोस, ग्रीक. ग्रीस तेव्हा युद्धात नव्हता, म्हणजे तटस्थ. पण पोटात साडेसहा हजार टनाच्या आसपास कोळसा, आणि तो ब्रिटिशांसाठी चाललेला. म्युलरनं ती बुडवली नाही, ग्रीक कप्तानाशी बोलून जर्मन सरकारच्या वतीनं चक्क भाड्यानं घेतली!

मग इंडस. ही ब्रिटिश, कलकत्त्याहून मुंबईला चाललेली, मुंबईतून पलटणी आणि घोडे न्यायला आतून तयार केलेली. ती बुडवली. पण त्याआधी तिच्यावरच्या साबणाच्या पेट्या उतरवून घेतल्या, कारण एम्डेनवरचा साबण संपत आला होता आणि खलाशी वैतागले होते. दुसऱ्या दिवशी लोवाट, तीही सैन्यवाहतुकीची, तीही बुडवली.

आणि मग काबिंगा. हीसुद्धा ब्रिटिश. झेंडा ब्रिटिश, मालक ब्रिटिश, कप्तान ब्रिटिश, त्याची बायको आणि लहान मूलही बोटीवर. म्हणजे शत्रूचं जहाज हातात आयतं सापडलंय. पण बुडवली नाही. आतापर्यंत पकडलेल्या बोटींवरचे सगळे कैदी तिच्यावर चढवले आणि १४ तारखेला सोडून दिली. जर्मन लोक असल्या बोटीला 'भंगारवाली' म्हणायचे, बाकीच्यांना गोळा करत फिरणारी म्हणून.

दरम्यान किलिन बुडवली, कोळशाने भरलेली. डिप्लोमॅट बुडवली, तिच्यात हजारेक टन चहा होता (लंडनच्या लिलावासाठी चाललेला चहा बंगालच्या खाऱ्या पाण्यात, विचार करा). ट्रॅबॉक बुडवली, क्लॅन मॅथेसन बुडवली, जिच्यात रेल्वे इंजिनं आणि मोटारगाड्या होत्या. मग काबिंगाचंच काय एवढं? आधी मला वाटलं बाईमाणूस आणि पोर बघून दया आली असेल. पण तसं नाहीये. तिच्या पोटातला माल अमेरिकन मालकांचा होता. अमेरिका तटस्थ. बोट बुडवली असती तर जर्मनीला त्या मालाचे पैसे अमेरिकन लोकांना भरून द्यावे लागले असते. म्हणजे तोफा रोखलेल्या असताना कप्तान कागद वाचून हिशोब करत होता.

माझा प्रश्न असा की हे सगळं चालायचं कसं? भर समुद्रात एक अधिकारी बोटीवर चढतो आणि तासाभरात ठरवतो की माल कोणाचा. कोणी बोटीवर काम केलेलं असेल तर सांगा.

खारेदाणे
शुक्रवार, रात्री ११:०५

हजार टन चहा समुद्रात म्हणजे बोस्टनच्या टी पार्टीनंतरचा सगळ्यात मोठा कप. साखर कोणी घातली?

बाकी लेख भारी, वाचनखूण साठवली आहे.

प्रश्नार्थक
शुक्रवार, रात्री ११:३०

पण मग पोंटोपोरोस तटस्थ असून पकडली आणि काबिंगा शत्रूची असून सोडली, हे उलटं नाही का झालं?

गोदीकाठचा
शुक्रवार, रात्री ११:५१

@प्रश्नार्थक, वरवर उलटंच दिसतं. १८५६ चा पॅरिसचा जाहीरनामा आहे, क्रिमियन युद्ध संपल्यावरचा, त्यात हे दोन्ही आहे. तटस्थ झेंड्याखाली शत्रूचा माल असला तरी हात लावायचा नाही, आणि शत्रूच्या झेंड्याखाली तटस्थाचा माल असला तरी त्या मालाला हात लावायचा नाही. दोन्हीकडे अपवाद एकच, युद्धसाहित्य. म्हणजे ज्याला काँट्राबँड म्हणतात ते. पोंटोपोरोसचा कोळसा ब्रिटिश सरकारसाठीचा, म्हणून तो काँट्राबँड, म्हणून बोट तटस्थ असूनही अडकली. काबिंगाचं उलट, बोट शत्रूची पण माल दुसऱ्याचा.

आणि लोरेडानो विसरलो लिहायला. ही इटालियन, तेव्हा इटलीही तटस्थ होती (युद्धात उतरली मे १९१५ मध्ये). तिला थांबवलं, कागद बघितले, काही सापडलं नाही, सोडावं लागलं. म्युलरनं विचारलं आमचे कैदी घेऊन जाता का, तर इटालियन कप्तान नाही म्हणाला. आणि थेट हुगळीच्या तोंडाशी जाऊन सगळं सांगितलं की बाबांनो बाहेर जर्मन क्रूझर आहे! त्यावर कलकत्त्याहून बोटी सोडणंच थांबलं. म्हणजे नियम पाळले आणि त्याच नियमानं घात केला.

सेकंडमेट_रिटायर
शनिवार, सकाळी ७:१५

बोटीवर ३१ वर्षं काढली म्हणून लिहितोय, मोबाईलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

कोणत्याही मालवाहू बोटीच्या कप्तानाच्या कपाटात कागदांचा गठ्ठा असतो. नोंदणीचा दाखला, म्हणजे बोट कोणत्या देशाची. लॉगबुक, म्हणजे कुठून निघालो कुठे थांबलो. मॅनिफेस्ट, म्हणजे पोटात काय काय आहे त्याची यादी. बोट भाड्यानं असेल तर चार्टर पार्टी, म्हणजे भाड्याचा करार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिल ऑफ लेडिंग, आमच्या भाषेत बीएल. बीएल ज्याच्या हातात त्याचा माल, सोप्पं. त्यावर माल पाठवणारा कोण आणि घेणारा कोण ते लिहिलेलं असतं. चढणारा अधिकारी हुशार असेल तर तो होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठीत, उतरायच्या आधी हेच मागतो, कारण होल्डमध्ये गोणी दिसते, मालक दिसत नाही.

एम्डेनवर हे काम लाउटरबाख नावाचा माणूस करायचा. तो नौदलाचा राखीव अधिकारी, मूळचा व्यापारी बोटीवरचा कप्तान, पूर्वेकडची सगळी बंदरं आणि निम्मे कप्तान ओळखीचे. असा माणूस मॅनिफेस्ट वाचतो तेव्हा त्याला पाच मिनिटांत कळतं कुठली ओळ खोटी आहे. (हाच लाउटरबाख नंतर सिंगापूरला कैदेत होता, फेब्रुवारी १९१५ मध्ये तिथे हिंदी पलटणीचं बंड झालं त्यात निसटला. त्याच्यावर वेगळा धागा होईल.)

आता गोम इथे आहे. बीएलवर घेणाऱ्याचं नावच नाही, नुसतं 'ऑर्डरप्रमाणे' असं लिहायची सोय असते. म्हणजे माल वाटेत असतानाच विकता येतो. शांततेत ही सोय, युद्धात हीच पळवाट. रॉटरडॅमला चाललेला माल खरंच हॉलंडचा की तिथून रेल्वेनं जर्मनीला जाणार हे बीएल सांगत नाही.

माझा अनुभव ८७ सालचा. इराण-इराक युद्ध, आम्ही टँकरवर, आखातात. होर्मुझच्या आत शिरलं की रेडिओच्या व्हीएचएफ चॅनल १६ वर आवाज यायचा, बोटीचं नाव सांगा, झेंडा सांगा, मागचं बंदर, पुढचं बंदर, माल काय. रात्री दोन वाजता, पहाटे चार वाजता. आमचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, तेल तिसऱ्याचं, विमा लंडनचा आणि खलाशी निम्मे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले. ह्यात तटस्थ कोण ते तुम्हीच सांगा. त्या आठ वर्षांच्या युद्धात चारशेच्या वर व्यापारी बोटींवर हल्ले झाले, बहुतेकांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. आमचा सारंग (खलाशांचा मुकादम) रोज संध्याकाळी डेकवर नारळ ठेवायचा. हसू नका, आम्ही कोणी हसलो नाही.

खारेदाणे
शनिवार, सकाळी ८:०२

काका दंडवत. लिहीत राहा हो, टायपोंची काळजी करू नका.

तिरकस_तात्या
शनिवार, सकाळी ११:२०

म्युलरचं कौतुक जरा जास्तच होतंय. सभ्य गृहस्थ वगैरे ठीक, त्या वेळचे कलकत्त्याचे इंग्रजी पेपरसुद्धा त्याला सभ्य म्हणत होते. पण एका क्रूझरनं तीन महिन्यांत काय केलं तर २३ बोटी पकडल्या, त्यातल्या १६ ब्रिटिश व्यापारी बोटी बुडवल्या आणि ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांवर ऑस्ट्रेलियन क्रूझर सिडनीनं तिचं भंगार केलं. खरं काम ब्रिटिशांनी केलं, आणि ते कोणाला दिसलं नाही कारण त्यात स्फोट नव्हता.

त्यांनी काय केलं बघा. १९०९ मध्ये लंडनला एक जाहीरनामा झाला होता, त्यात याद्या होत्या, काय पक्कं युद्धसाहित्य, काय संशयास्पद, आणि काय कधीच जप्त करायचं नाही. कापूस आणि रबर शेवटच्या यादीत! ब्रिटनच्या सरकारनं सही केली पण लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहानं, अडवलं, म्हणून तो कधी लागू झालाच नाही. १९१४ ला ब्रिटिश म्हणाले आम्ही पाळतो, पण थोड्या दुरुस्त्या करून. आणि त्या दुरुस्त्या इतक्या वाढत गेल्या की मूळ कागद शोधावा लागला. ऑगस्ट १९१५ ला कापूस पक्का काँट्राबँड झाला, कारण बंदुकीच्या दारूला लागतो.

नोव्हेंबर १९१४ ला त्यांनी अख्खा उत्तर समुद्रच लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर केला. म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, हॉलंडला जाणाऱ्या तटस्थ बोटींनी आधी ब्रिटिशांच्या दारात यायचं. उत्तरेला कर्कवॉल, दक्षिणेला डाउन्स. तिथे नांगर टाकून बसायचं, दिवसेंदिवस. भर समुद्रात पूर्ण झडती घेणं बंदच झालं, पाणबुड्यांची भीती होती म्हणून बंदरात नेऊनच तपासणी. आणि मार्च १९१५ पासून तर हुकूमच काढला की जर्मनीचा म्हणून संशय असलेला माल, मग तो तटस्थ बंदरात का चाललेला असेना, ब्रिटिश बंदरात उतरवून घ्यायचा. बोट सोडायची, माल ठेवायचा. ह्याला एक गोळा लागला नाही, आणि म्युलरच्या शंभर पट नुकसान झालं असेल.

प्रश्नार्थक
शनिवार, दुपारी १२:०९

पण मग माल जर्मनीचा आहे हे सिद्ध कसं करायचे? वर काका म्हणतात बीएलवर नावच नसतं.

तिरकस_तात्या
शनिवार, दुपारी १:३४

सिद्ध करायची गरजच उरू दिली नाही, गंमत तीच. किम नावाच्या बोटीचा खटला बघा, १९१५, लंडनच्या प्राइझ कोर्टात (युद्धात पकडलेल्या बोटी आणि मालाचा निवाडा करणारं कोर्ट). किम आणि तिच्यासोबत आणखी तीन बोटी, सगळ्या स्कँडिनेव्हियन, अमेरिकेतून कोपनहेगनला चाललेल्या. पोटात डुकराची चरबी, मांस वगैरे. न्यायाधीश सर सॅम्युएल एव्हन्स. त्यांनी काय केलं, डेन्मार्कची चरबीची सरासरी वार्षिक आयात काढली आणि ह्या चार बोटींवरच्या चरबीशी तुलना केली. तेरापट! तीन आठवड्यांत चार बोटी आणि तेरा वर्षांची चरबी, आणि डेन्मार्क तर स्वतःच डुकरं पाळून निर्यात करणारा देश. एवढी चरबी डॅनिश लोक अंगाला लावणार होते का? बऱ्याचशा मालाला 'ऑर्डरप्रमाणे' बीएल, खरा घेणारा कोण ते कुठेच नाही. निकाल, बहुतेक माल जप्त.

म्हणजे आकडेवारीनं आरोपी ठरवलं. माझ्या मते हा खटला एम्डेनपेक्षा जास्त महत्त्वाचा. पण ह्याच्यावर पाटी लागत नाही ना.

गोदीकाठचा
शनिवार, दुपारी २:१०

@तिरकस_तात्या मान्य, पण एक फरक आहे. म्युलरकडे बंदर नव्हतं. पकडलेली बोट न्यायाधीशासमोर न्यायची हा मूळ नियम, आणि त्याला नेणार कुठे? म्हणून एक तर बुडवा, नाहीतर सोडा. मधला रस्ताच नव्हता त्याच्याकडे. ब्रिटिशांकडे बंदर, गोदाम, कोर्ट, कारकून सगळं होतं म्हणून ते माल उतरवून घेऊ शकले. नियम दोघांना एकच होता पण परवडत होता एकालाच.

आणि ऑक्टोबरमध्ये मिनिकॉयजवळ पुन्हा तेच झालं. सेंट एग्बर्ट, ब्रिटिश बोट, माल तटस्थाचा, ती सोडली आणि कैदी भरून कोचीनला पाठवली. म्हणजे काबिंगा हा योगायोग नव्हता.

हिंगणघाटवाला
शनिवार, संध्याकाळी ५:४५

कापसाचं नाव निघालं म्हणून. आमच्याकडच्या कापसाला जो भाव आला होता १८६१ ते ६५ त्याचं कारणही असलंच होतं. अमेरिकेच्या यादवीत उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, म्हणून मुंबईतून कापूस. कापूस आणि शेअरवाले प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या (समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या) शेअरचं वेड आणि १८६५ ला सगळं धाडकन खाली, हे सगळ्यांना माहीत आहे.

पण त्याच नाकेबंदीत एक पीटरहॉफ नावाची ब्रिटिश बोट पकडली होती, १८६३ मध्ये. ती चालली होती मेक्सिकोच्या मातामोरोसला. मेक्सिको तटस्थ. पण मातामोरोस म्हणजे रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे, पलीकडच्या काठावर टेक्सास! नदीचं तोंड उथळ, मोठ्या बोटी बाहेर नांगर टाकायच्या आणि माल छोट्या पडावांतून किनाऱ्यावर उतरायचा. म्हणजे माल तटस्थ वाळूवर उतरवला की पुढे होडीनं नदी ओलांडली की झालं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शेवटी काय म्हटलं, मातामोरोसला नाकेबंदी लागू होत नाही, पण लष्करी सामान शेवटी शत्रूकडेच जाणार होतं म्हणून तेवढं जप्त. ब्रिटिश तेव्हा रागावले होते की नाही ते बघा, आणि ५० वर्षांनी हाच युक्तिवाद किमच्या खटल्यात स्वतः वापरला.

तिरकस_तात्या
शनिवार, संध्याकाळी ६:०१

+१. आपलं ते बाळ, दुसऱ्याचं ते कार्टं.

कुलाबकर
शनिवार, रात्री ९:२०

सगळं जगभर फिरून आलात, अलिबागला कोणी आलंच नाही! कान्होजी आंग्र्यांचं इंग्रजांशी भांडण नेमकं ह्याच मुद्द्यावर होतं.

आधी पोर्तुगीजांचा कार्ताझ. सोळाव्या शतकापासून, आमच्या समुद्रात फिरायचं तर आमचा परवाना घ्या, आमच्या बंदरात जकात भरा, अमुक माल नेऊ नका. परवाना नसला तर बोट आणि माल दोन्ही आमचं. मोठमोठ्या सुलतानांच्या बोटीसुद्धा कार्ताझ घेऊन जायच्या. मराठ्यांनी त्याला दस्तकानं उत्तर दिलं. कोकणच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक. इंग्रज ह्याला चाचेगिरी म्हणायचे, पण स्वतः तोच परवान्याचा धंदा करायचे.

१७१३ मध्ये कान्होजी आणि इंग्रजांचा तह झाला. त्यात इंग्रजांनी कबूल केलं की इंग्रजी झेंडा फक्त इंग्रजांच्याच गलबतांवर लागेल. का? कारण त्याआधी इथले व्यापारी पैसे देऊन इंग्रजी झेंड्याखाली माल न्यायचे, म्हणजे दस्तक चुकायचं. मग मुंबईला चार्ल्स बून गव्हर्नर आला आणि पुन्हा तेच सुरू. १७१७ ला आंग्र्यांनी सक्सेस नावाचं जहाज धरलं, ते कंपनीच्या हिंदी दलालाचं. इंग्रज म्हणाले झेंडा आमचा, कान्होजी म्हणाले माल तुमचा नाही. बघा, हाच काबिंगाचा प्रश्न, दोनशे वर्षं आधी! झेंडा मोजायचा की मालक मोजायचा.

पुढे लढाया झाल्याच, विजयदुर्ग, खांदेरी, आणि १७२१ ला तर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. पण भांडणाचं मूळ कागदात होतं.

प्रश्नार्थक
शनिवार, रात्री १०:०३

पण कान्होजींचं आणि त्या व्यापाऱ्याचं युद्ध कुठे होतं? हे तर जकातीचं भांडण. तटस्थ वगैरे शब्द इथे बसत नाही.

कुलाबकर
शनिवार, रात्री १०:४०

@प्रश्नार्थक मुद्दा बरोबर आहे, शब्द नंतरचे आहेत. पण 'परक्या झेंड्याआड लपलेला माल' हा प्रकार तोच. नाव काहीही द्या.

अवांतर: कुलाब्याच्या किल्ल्यावर भरतीच्या वेळा बघून जा, मागच्या वेळी आमचा ग्रुप तीन तास अडकला होता.

मांडवीतीर
रविवार, सकाळी ९:५५

गोव्याचंही एक. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ म्हणून मुरगावचं बंदर तटस्थ. तीन जर्मन बोटी, एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स, आणि एक इटालियन आन्फोरा, ह्या आसऱ्याला येऊन बसल्या. बाहेर ब्रिटिश नौदल, म्हणजे निघाल्या की गेल्या. आतमध्ये ब्रिटिशांना कायद्यानं हात लावता येत नाही. वर्षानुवर्षं तशाच उभ्या, गंज चढत. ब्रिटिशांना संशय की त्यातून वायरलेसवर पाणबुड्यांना बातम्या जातात. शेवटी मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्सचे लोक, म्हणजे पोट सुटलेले चहा आणि तागाच्या कंपन्यांतले साहेब, एका बार्जमधून रात्री मुरगावला आले आणि एरेनफेल्सवर चढले. जर्मनांनी स्वतःच बोटी पेटवून बुडवल्या. तटस्थपणाचं काय झालं तर काही नाही, ब्रिटन गप्प, पोर्तुगाल गप्प, कित्येक वर्षं गप्प.

गोदीकाठचा
रविवार, सकाळी १०:३०

@मांडवीतीर वा! पोट सुटलेले साहेब हे भारीच.

रेडक्लिफ_रेषा
रविवार, दुपारी १२:१५

आपल्या स्वतःच्या युद्धांचं पण बोला की. १९७१ ला कराचीवर आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी दोनदा हल्ला केला, आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो पहिल्याचा. दुसरा ८ डिसेंबरच्या रात्रीचा, आयएनएस विनाश. चार क्षेपणास्त्रं, त्यातलं एक किमारीच्या तेलाच्या टाक्यांवर, एक पाकिस्तानी नौदलाच्या ढाक्का ह्या टँकरवर, आणि बाकीची लागली हार्मटन ह्या ब्रिटिश आणि गल्फ स्टार ह्या पनामाच्या बोटीला. दोन्ही व्यापारी, दोन्ही तटस्थ. क्षेपणास्त्राला रडारवर मोठा ठिपका दिसतो, झेंडा दिसत नाही. त्यानंतर कराचीत अडकलेल्या परदेशी बोटी भारताकडे सुरक्षित बाहेर पडू द्या म्हणून विनंत्या करायला लागल्या.

आणि १९६५ ला तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या बोटी आणि माल धरून ठेवला होता. ताश्कंद करारात जप्त मालमत्ता परत करण्यावर बोलणी करू असं कलम आहे. बोलणी झाली, माल मात्र बहुतेकांना दिसला नाही. शत्रू मालमत्तेचा १९६८ चा कायदा त्यातूनच आला, आणि त्याचा कस्टोडियन (ही मालमत्ता सांभाळणारा सरकारी अधिकारी) बरीच वर्षं मुंबईतच बसायचा, बॅलार्ड इस्टेटला.

सेकंडमेट_रिटायर
रविवार, दुपारी ३:४०

@रेडक्लिफ_रेषा, बरोबर लिहिलंत. लाउटरबाख शिडी चढून वर यायचा, माणसाच्या तोंडाकडे बघायचा, कागद मागायचा. क्षेपणास्त्र कागद मागत नाही. आखातात आम्ही डेकवर मोठ्या अक्षरात देशाचं नाव रंगवलं होतं, झेंड्यावर रात्री दिवा सोडायचो. रंगवताना सारंग म्हणाला, साहेब वाचायला कोण येणार आहे.

आणि झेंड्याचं म्हणाल तर, कुवेतनं त्याच वर्षी आपले अकरा टँकर अमेरिकन झेंड्याखाली आणले, म्हणजे इराण हात लावणार नाही. पहिल्याच फेरीत, जुलै ८७, ब्रिजटन टँकर सुरुंगावर गेला, आणि तोही अमेरिकन युद्धनौका सोबत असताना. मग काय झालं माहितीये? युद्धनौका टँकरच्या मागे लागल्या, कारण टँकर जाड आणि सुरुंग झेलू शकतो. राखणदार मागे आणि राखायची ती बोट पुढे.

न्हावाशेवा_४०फुटी
रविवार, संध्याकाळी ७:१२

मी छोटा आयातदार, मशिनचे सुटे भाग युरोपातून आणतो, धाग्यात शेवटी मलाच बोलायला जागा ठेवलीत असं वाटलं. २०२३ च्या नोव्हेंबरात येमेनच्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर ही बोट धरली आणि त्यानंतर बहुतेक कंटेनर बोटींनी लाल समुद्र सोडला, आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. दहा ते चौदा दिवस जास्त, भाडं वेगळं. एप्रिल २०२४ ला इराणनं एमएससी एरीज होर्मुझजवळ धरली, ती आपल्या न्हावा शेवालाच यायची होती, २५ माणसांपैकी १७ भारतीय. माझं त्यात काही नव्हतं, नशीब.

पण दुसऱ्या एका बोटीवर होतं. तिनं आखातातल्या भलत्याच बंदरात माझा कंटेनर उतरवला आणि मेल पाठवला की प्रवास इथे संपला, पुढचं तुमचं तुम्ही बघा. कंपनीचं नाव घेत नाही. बीएलच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणे, धोका असेल तर सोयीच्या बंदरात उतरवू शकतो. एवढी वर्षं बीएल हाताळतोय, मागची बाजू पहिल्यांदा वाचली, तीही भिंग घेऊन. पुढचं भाडं मी भरलं, तिथलं गोदामभाडं मी भरलं, विमावाला म्हणाला युद्धाची जोखीम वेगळी घ्यायला हवी होती. माझं कोणाशीच युद्ध नाहीये हो!

खारेदाणे
रविवार, संध्याकाळी ७:३०

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

तिरकस_तात्या
रविवार, रात्री ८:०५

@न्हावाशेवा_४०फुटी, म्हणजे १९१५ चा ब्रिटिश हुकूम आणि तुमची शिपिंग लाइन, दोघांचं काम एकच. बोट सोडायची, माल ठेवायचा. फरक इतकाच की त्यांनी तेव्हा निदान प्राइझ कोर्ट तरी ठेवलं होतं.

न्हावाशेवा_४०फुटी
रविवार, रात्री ८:२२

कोर्ट माझ्यासाठीही आहे, लंडनला. क्लॉज २६ की काय.

प्रश्नार्थक
रविवार, रात्री ९:४८

एक राहिलं. त्या ग्रीक पोंटोपोरोसचं पुढे काय झालं? कप्तानाला जर्मन भाडं मिळालं का?

गोदीकाठचा
रविवार, रात्री १०:२६

एम्डेननं ती सुमात्राच्या बाजूला पाठवून ठेवली होती, कोळशाचं चालतं गोदाम म्हणून. १२ ऑक्टोबरला तिथे एक ब्रिटिश क्रूझर आली आणि ग्रीक कप्तान पुन्हा पकडला गेला, ह्या वेळी उलट्या बाजूनं, जर्मनांसाठी कोळसा नेतो म्हणून. चार धुराड्यांची क्रूझर. यारमाउथ. ह्या वेळी चौथं धुराडं खरं होतं.